पोलीस ठाण्यातली इंटर्नशिप: अर्ज कुठे करायचा, काय शिकायचं आणि कशाला हात लावायचा नाही

कायद्याचा, गुन्हेगारीशास्त्राचा किंवा समाजकार्याचा विद्यार्थी पोलीस ठाण्यात महिनाभरासाठी आला, की पहिल्या दिवशी त्याची नजर लॉकअपवर असते आणि दुसऱ्या दिवशी डी.बी.च्या (गुन्हे उघडकीला आणणाऱ्या पथकाच्या) खोलीवर. छापा, पाठलाग, चौकशी. ते सगळं ठाण्यात घडतं, पण तुमच्यासमोर घडणार नाही, आणि घडलंच तर तुम्ही तिथून बाजूला झालेलं बरं. ठाण्यात खरं शिक्षण कागदावर मिळतं. तक्रार घेऊन आलेला माणूस काय बोलतो, त्यातलं किती कागदावर उतरतं, आणि तो कागद पुढे न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत कसा पोचतो, एवढं महिन्याभरात कळलं तरी पुष्कळ झालं. म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच मागणी करायला सांगतो: बसायची जागा ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे तक्रारी नोंदवून घेणाऱ्या ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याच्या, टेबलाजवळ द्या.

अर्ज

थेट ठाण्यात जाऊन "साहेब, इंटर्नशिप करायची आहे" म्हणून उपयोग नाही. प्रभारी निरीक्षक कितीही भला असला, तरी वरिष्ठ कार्यालयाच्या पत्राशिवाय तो तुम्हाला बसवून घेणार नाही, आणि त्याने घेऊही नये. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा आयुक्तालयाच्या शहरांत अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे जातो. ग्रामीण जिल्ह्यात तो पोलीस अधीक्षकांच्या नावे जातो आणि बहुधा गृह शाखेच्या उपअधीक्षकांकडे पोचतो. अर्ज महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांच्या सहीने हवा. त्यात तारखा, रोजचे तास, विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम, महाविद्यालयातल्या जबाबदार प्राध्यापकाचं नाव आणि फोन असावा. नेमकं काय पाहायचं आहे याच्या दोन-तीन ओळीही घाला. "पोलीस कामकाजाचा अभ्यास" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. "एफआयआर नोंदणी, अदखलपात्र तक्रारी, महिला कक्षातलं समुपदेशन आणि मुद्देमालाची नोंद" असं लिहिलं, की तुम्हाला कोणाकडे बसवायचं हे त्याला लगेच कळतं.

सोबत ओळखपत्राची प्रत, फोटो, आणि मागितलं तर चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र जोडा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. आठवड्याने विचारायला जाल तेव्हा "अर्ज दिला होता" याला काही किंमत नसते, आवक क्रमांकाला असते.

दुसरा मार्ग म्हणजे केंद्र सरकारचं 'मेरा युवा भारत' पोर्टल. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ३० दिवसांत १२० तास पोलीस ठाण्यात राहून शिकावं, असा अनुभव-शिक्षणाचा कार्यक्रम त्यावर सुरू झाला आहे. तुमच्या जिल्ह्यातलं ठाणं यादीत दिसलं तर तिथून नोंदणी करा. मानधनाची अपेक्षा दोन्हीकडे ठेवू नका.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक दार आहे. महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आतच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसून काम करतात, आणि पुढे हे कक्ष राज्यभर पसरले. कौटुंबिक हिंसाचारात रस असेल तर नुसत्या ठाण्यापेक्षा इथे कितीतरी जास्त शिकायला मिळतं. पुण्या-नागपुरातले भरोसा सेलही याच कामासाठी आहेत.

कधी जायचं

याचा विचार फारसं कुणी करत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत, निवडणुकीच्या महिन्यात किंवा वारीच्या मार्गावरच्या ठाण्यात आषाढीच्या आधी गेलात, तर ठाणं रिकामं दिसेल आणि जे कोणी असतील ते थकलेले असतील. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी राज्यभरातून माणसं बंदोबस्ताला जातात. १ जानेवारीच्या आसपास पुणे जिल्ह्यात, तर १४ एप्रिलच्या आसपास जवळपास सगळीकडे हीच परिस्थिती. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च हा त्यातल्या त्यात बरा काळ, पण तेव्हा तुमच्या परीक्षा जवळ येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणारे विद्यार्थी जास्त, म्हणून त्यासाठी अर्ज फेब्रुवारीतच टाका.

दिवसातली वेळही निवडा. सकाळी हजेरी, अटकेतल्या आरोपींना वैद्यकीय तपासणीला आणि कोर्टात नेण्याची घाई. दुपार सुस्त असते. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात खरी गर्दी होते: हरवलेला मोबाइल, सोसायटीतलं पार्किंगचं भांडण, नवरा-बायको, ऑनलाइन फसवणूक. चार तासच मिळणार असतील तर तीन ते सात घ्या. दुपारी रजिस्टरं वाचायला मिळतात आणि संध्याकाळी माणसं भेटतात.

जाण्याआधीची तयारी

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनी दंड संहिताच लागते. त्यामुळे ठाण्यात आजही ४२० आणि ३०२ हे आकडे कानावर पडतात आणि कागदावर ३१८ आणि १०३ दिसतात. दोन्ही माहीत हवेत.

नागरिक सुरक्षा संहितेची मोजकी कलमं तोंडपाठ असली की काम भागतं. १७३ म्हणजे एफआयआर: हद्द कुठलीही असो, दखलपात्र (कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर घ्यायचीच, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या खबरीवर खबर देणाऱ्याने तीन दिवसांत सही करायची. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेही याच कलमात. १७४ म्हणजे अदखलपात्र, ठाण्याच्या भाषेत 'एन.सी.'. ३५(३) म्हणजे अटक न करता हजर राहण्याची नोटीस. १८० खाली पोलीस साक्षीदाराचा जबाब घेतात आणि १८१ मुळे त्यावर साक्षीदाराची सही घेता येत नाही. हे ऐकून बहुतेक विद्यार्थी चक्रावतात. १८३ म्हणजे दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब. १९३ म्हणजे दोषारोपपत्र, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पीडिताला कळवण्याची जबाबदारीही त्यातच आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपैकी ललिता कुमारी (२०१३, एफआयआर नोंदवण्याची सक्ती), अर्नेश कुमार (२०१४, सरसकट अटकेला लगाम) आणि डी. के. बसू (अटकेतल्या माणसाचे हक्क) हे तीन वाचून जा. शक्य असेल तर परमवीर सिंग सैनी (२०२०, ठाण्यातले सीसीटीव्ही) सुद्धा, ते पुढे कामी येईल.

आणखी एक तयारी घरबसल्या होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जाऊन तुमच्या होऊ घातलेल्या ठाण्याचे एफआयआर उघडा आणि वाचा. चोरी, अपघात, मारहाण, फसवणूक असे वेगवेगळे निवडा. त्यातली भाषा एकदा अंगवळणी पडली, की पहिल्या दिवशी बावचळायला होत नाही: 'सदर इसम', 'यातील फिर्यादी', 'नमूद ठिकाणी', 'समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की', आणि शेवटी 'माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे'. शहरात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना या मराठीचं हसू येतं. ठाण्यात हसू नका. त्या साच्यातल्या प्रत्येक वाक्यामागे कोर्टात कधीतरी विचारला गेलेला एखादा प्रश्न आहे.

पहिला आठवडा: कोण कुठे बसतं

कोण कोणाला उत्तरदायी आहे हे आधी समजून घ्या. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक. आयुक्तालयात प्रभारी 'वरिष्ठ निरीक्षक' असतो आणि गुन्ह्यांचं काम पाहणारा वेगळा निरीक्षक असतो. पण रोजचं ठाणं ज्यांच्यावर चालतं, त्यांची नावं दारावरच्या पाटीवर नसतात. ठाणे अंमलदार, मुद्देमाल कारकून, कोर्ट पैरवी (खटल्यांचा कोर्टातला पाठपुरावा) पाहणारा, गोपनीयचं (माहिती काढण्याचं) काम करणारा, सीसीटीएनएसच्या (पोलिसांच्या देशभरच्या नोंदींच्या जाळ्याच्या) संगणकावर बसणारा. यातले निम्मे हवालदार असतात आणि त्यांना कायदा पुस्तकातून नव्हे, कोर्टातल्या उलटतपासणीतून कळलेला असतो. सगळ्यांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणा. 'दादा' किंवा 'काका' ओळख झाल्यावर आपसूक येतं, स्वतःहून सुरुवात करू नका.

या आठवड्यात प्रश्न कमी विचारा. स्टेशन डायरी कशी लिहिली जाते ते परवानगी घेऊन पाहा: कोण ड्यूटीवर आलं, कोण बाहेर गेलं, कोणता फोन आला, आरोपीला कधी बाहेर काढलं आणि कधी परत आणलं, सगळं वेळेसकट. अटक बेकायदा होती की नाही याचा वाद पुढे याच नोंदींवर लढला जातो, कारण अटक केलेल्याला दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याचं २४ तासांचं घड्याळ तिथून मोजतात.

एफआयआरचा छापील नमुना: महिन्यातला सगळ्यात मोलाचा दिवस

एक पूर्ण दिवस फक्त या नमुन्याला द्या. बहुतेक विद्यार्थी फिर्यादीची गोष्ट वाचतात आणि बाकीचे रकाने सोडून देतात. खरी गंमत त्या रकान्यांत आहे. गुन्हा घडला ती तारीख-वेळ, ठाण्यात खबर मिळाली ती वेळ, स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक. या तिन्हींचा मेळ बसतो का ते तपासा. पुढे 'उशिराचं कारण' असा रकाना आहे. घटना सोमवारची आणि फिर्याद गुरुवारची असेल, तर इथे काय लिहिलंय? "घाबरल्यामुळे", "दवाखान्यात उपचार चालू असल्याने", की रकाना रिकामाच? रिकामा रकाना दोन वर्षांनी बचाव पक्षाच्या वकिलाच्या हातात पडतो. शेवटी एफआयआर कोर्टाकडे रवाना केल्याची तारीख-वेळ असते, तीही बघा.

मग ठाणे अंमलदारांशेजारी बसून एखाद्या तक्रारदाराचं बोलणं ऐका (त्याची हरकत नाही ना, हे आधी विचारून) आणि नंतर उतरलेला मजकूर मनात त्याच्याशी ताडून पाहा. माणूस दहा मिनिटं बोलतो. त्यात सासू येते, जुनं भांडण येतं, गावची जमीन येते. कागदावर येतं ते कोण, कुठे, कधी, कशाने, कोणासमोर. काय गळलं? गळलेल्यापैकी कशाने कलम बदललं असतं? "ढकललं" आणि "गळा दाबला" यात एन.सी. आणि गंभीर गुन्हा एवढं अंतर पडू शकतं. घरी जाऊन यावर एक पान लिहा. माझ्या मते अख्ख्या इंटर्नशिपमध्ये याहून चांगला अभ्यास नाही.

मुद्देमाल आणि सायबर

मुद्देमालाची खोली बाहेरून बघायला मिळाली तरी खूप झालं. जप्त केलेली वस्तू पंचांसमोर (पोलिसांनी बोलावलेल्या बाहेरच्या साक्षीदारांसमोर) सीलबंद होते, लेबलवर सह्या होतात, रजिस्टरला नोंद होते, मग ती कोणाच्या हाती कालिन्याच्या किंवा विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळेत गेली आणि 'सी.ए. रिपोर्ट' (रासायनिक तपासणीचा अहवाल) कधी आला हे सगळं लिहिलेलं असतं. साखळीतला एक दुवा तुटला की खटला डळमळतो. मुद्देमाल कारकुनाला मोकळ्या वेळात गाठून विचारा, ते तासभर सांगतील. या कामाबद्दल त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

सायबर टेबलाजवळ तरुण विद्यार्थ्याचा खरा उपयोग होतो. ऑनलाइन फसवणूक झालेल्या माणसाला सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर तातडीने फोन करायला सांगणं, व्यवहार क्रमांक आणि बँकेचे तपशील एका कागदावर नीट मांडायला मदत करणं, हरवलेल्या मोबाइलचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) कुठे सापडतो ते दाखवणं. ही मदत पोलिसांना हवी असते आणि यात तुमची मर्यादाही ओलांडली जात नाही. त्यांच्या संगणकावर दुसऱ्याच्या लॉगिनने मात्र काहीही भरू नका. "तुझा टायपिंगचा स्पीड चांगला आहे, बस इथे" असं प्रेमाने सांगितलं तरी नाही.

पंच व्हायचं नाही

हा भाग नीट वाचा, कारण हे सांगायला महाविद्यालयं विसरतात.

पंच मिळणं ही प्रत्येक तपासी अंमलदाराची रोजची डोकेदुखी असते. कुणी तयार होत नाही, दुकानदार शटर ओढून घेतात. अशा वेळी ठाण्यातच बसलेला, सुशिक्षित, सही करायला तयार असा विद्यार्थी दिसतो. "चल रे, पंचनाम्याला चल, अर्ध्या तासाचं काम आहे." तुम्हालाही वाटतं की घटनास्थळ पाहायला मिळेल.

नम्रपणे नाही म्हणा. झडतीसाठी कायद्याला त्या भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवे असतात, आणि 'स्वतंत्र' हा शब्द तिथे शोभेसाठी नाही. उलटतपासणीतला पहिलाच प्रश्न असेल: "तुम्ही त्याच ठाण्यात रोज जाऊन बसत होता, हे खरं आहे का?" तुम्ही खरं बोललात की त्या पंचनाम्याचं वजन तिथेच घटतं. म्हणजे मदत करायला जाऊन पोलिसांचंच नुकसान. शिवाय चार-पाच वर्षांनी समन्स येतं तेव्हा तुम्ही बंगळुरूत नोकरी करत असता. (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळ्यासाठी सरकारी कर्मचारी पंच म्हणून घेतो. ती पद्धत वेगळी, तिचा दाखला कुणी दिला तर गोंधळू नका.) नकार तुमच्या तोंडून जड जात असेल, तर महाविद्यालयाच्या पत्रातच आधी एक ओळ घालून ठेवा: "विद्यार्थ्याचा पंच, साक्षीदार किंवा दुभाषी म्हणून उपयोग करू नये." पत्रावर बोट ठेवता आलं की वाद उरत नाही.

याचाच दुसरा अवतार नव्या कायद्याने आणला आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावं लागतं. "तू जरा मोबाइल धर" असं कोणी म्हणेल. स्वतःच्या मोबाइलवर कधीही चित्रीकरण करू नका. तो मोबाइल पुराव्याचा भाग होऊ शकतो, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र तुमच्याकडून मागितलं जाऊ शकतं.

बाकीच्या मर्यादा

फोटो नाही, स्टेटस नाही, "आज ठाण्यात काय झालं" असा ग्रुपवरचा मेसेज नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) आणि बाल न्याय कायद्याची बंधनंही लागतात. नाव न लिहिता "आमच्या गल्लीतल्या त्या क्लासमधली मुलगी" लिहिणं म्हणजे ओळख सांगणंच.

लॉकअपमधल्या माणसाशी प्रकरणाबद्दल बोलू नका. तक्रारदाराला कायदेशीर सल्ला देऊ नका. तुम्ही अजून वकील नाही, आणि तुमचं वाक्य "ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं" म्हणून बाहेर फिरतं. मोफत विधी साहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि १५१०० हा क्रमांक सांगा, एवढं पुरे. चालू तपासाची केस डायरी (तपासी अंमलदाराची तपासाची रोजनिशी) मागू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ नुसार ती आरोपीलाही मागता येत नाही, तुम्ही तर तिऱ्हाईत. निकाल लागलेल्या प्रकरणाचे कागद मागा, ते बहुतेक वेळा मिळतात. खाकी घालून फोटो काढणं किंवा दुचाकीवर 'पोलीस' चिकटवणं याला तर इथे जागाच नको, पण दरवर्षी कुणीतरी निघतोच.

मारहाण दिसली तर

हा प्रश्न विद्यार्थी खालच्या आवाजात विचारतात, म्हणून सरळ लिहितो. एखाद्या खोलीत कुणाला मारलं जात असल्याचं दिसलं किंवा ऐकू आलं, तर तिथल्या तिथे कायद्याचं व्याख्यान देऊन काही साधत नाही, आणि गप्प बसून महिना काढणंही योग्य नाही. आधी बाहेर पडा. तारीख, वेळ, खोली, काय पाहिलं आणि काय फक्त ऐकलं हे वेगवेगळं, त्याच दिवशी लिहा. तर्क लिहू नका. त्याच संध्याकाळी महाविद्यालयातल्या जबाबदार प्राध्यापकांना सांगा. पुढे अधीक्षक किंवा आयुक्त, राज्य मानवी हक्क आयोग आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण असे रस्ते आहेत, आणि त्यातला कोणता घ्यायचा हे संस्थेने ठरवायचं, एकट्या विद्यार्थ्याने नव्हे. परमवीर सिंग सैनी निकाल इथे कामी येतो. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायचं आहे. म्हणून नोंदीत मिनिटापर्यंतची वेळ महत्त्वाची. विद्यार्थी पाठवण्याआधी ही साखळी ठरवून ठेवणं हे महाविद्यालयाचं काम आहे. ते झालेलं नसेल तर निघण्यापूर्वी विचारा.

वही आणि अहवाल

रोजची वही ठाण्यात लिहू नका, घरी लिहा. नावं, पत्ते, गुन्हा रजिस्टर क्रमांक, गाडीचे नंबर वगळा. 'फिर्यादी अ', 'तपासी अंमलदार १' असं चालतं. वही कधीतरी दुसऱ्याच्या हातात पडणार आहे असं समजूनच लिहा. अहवालात "पोलीस व्यवस्थेवर प्रचंड ताण आहे" छापाची पानं भरू नका, ते ठाण्यात न जाताही लिहिता येतं. त्याऐवजी एकच गोष्ट खोलात घ्या: एन.सी. नोंदवलेल्या माणसाला पुढे काय करायचं हे कोण, कसं सांगतं? किंवा फिर्याद घ्यायला बसल्यापासून प्रत हातात पडेपर्यंत काय काय होतं? कलम १७३ प्रमाणे प्रत मोफत द्यायची असते, ती मागावी लागते की आपसूक मिळते?

प्रमाणपत्राचा मसुदा स्वतः टाइप करून न्या. तारखा, तास, कोणत्या कक्षांत काम पाहिलं, एवढाच मजकूर. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी साहेब हमखास मीटिंगला असतात किंवा कोर्टात. दोन-तीन दिवस आधी सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक घ्या, आणि एक प्रत ज्यांनी परवानगी दिली त्या कार्यालयात आभाराच्या पत्रासोबत नेऊन द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांचा अर्ज त्याच टेबलावर येणार असतो.

आणि निघण्याआधी कोर्ट पैरवीच्या हवालदारांना विचारून सुनावणीला लागलेल्या एखाद्या साध्या खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर (कोर्टातल्या प्रकरणाचा ओळख) क्रमांक उतरून घ्या. संवेदनशील प्रकरण नको, चोरीचा किंवा अपघाताचा चालेल. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसत राहते. पंच किंवा तपासी अंमलदाराची उलटतपासणी असेल त्या दिवशी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा, आणि जाताना एफआयआरच्या कोणत्या रकान्यावर प्रश्न येईल याचा अंदाज आधीच वहीत लिहून ठेवा.